वादळ निघून जातं, मग मदत पोचते कशी?

सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ हे चक्रीवादळ पोर्तो रिको बेटावरून गेलं. पुढे कित्येक महिने सरकारी नोंदीतला मृतांचा आकडा ६४ वरच थांबलेला होता. मग जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी वादळानंतरच्या सहाएक महिन्यांतले मृत्यू एरवीच्या मृत्यूंशी ताडून पाहिले. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांचा आकडा आला: २,९७५. सरकारने तो मान्यही केला.

यातली बहुतेक माणसं वाऱ्यापावसाच्या त्या दिवशी दगावलेली नव्हती. वीज गेली, रस्ते तुटले, फोन बंद पडले. कुणाचं डायलिसिस चुकलं, कुणाचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं, कुणाचं इन्सुलिन ठेवायला फ्रिज चालू राहिला नाही. बेटावर सगळीकडे वीज परत यायला जवळपास अकरा महिने लागले. गेलेल्यांत म्हाताऱ्यांचं आणि गरिबांचं प्रमाण जास्त होतं.

मदतकार्य म्हटलं की आपल्याला हेलिकॉप्टर दिसतं, त्यातून खाली पडणारी पाकिटं दिसतात आणि वर पसरलेले हात दिसतात. ते चित्र खोटं नाही, पण दोन-चार दिवसांपुरतंच आहे. किती माल गेला याची बातमी होते. कोणती गोष्ट कोणत्या दिवशी पोचली याची होत नाही, आणि जीव मात्र त्याच हिशेबावर वाचतात किंवा जातात. हा लेख त्या हिशेबाचा आहे.

आधी नुकसान समजून घेऊ

चक्रीवादळ तीन बाजूंनी मारतं. वारा, पाऊस आणि समुद्र. ताशी १५०-२०० किलोमीटरचा वारा छपरं उडवतो, विजेचे खांब आणि झाडं आडवी करतो. पाऊस नद्या फुगवतो, डोंगरउतार खाली आणतो. पण किनाऱ्यावर सगळ्यात जास्त जीव घेतं ते समुद्राचं आत घुसणारं पाणी. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे समुद्राची पातळी थोडी वर उचलली जाते. दाब एक हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं. हा भाग मात्र किरकोळच. खरं काम वारा करतो. तो तासन्‌तास पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो. समुद्राचा तळ उथळ आणि किनारा सपाट असेल तर त्या पाण्याला मागे फिरायला जागा उरत नाही आणि ते थेट वस्तीत शिरतं. बंगालच्या उपसागराचं उत्तर टोक नेमकं असं आहे. नोव्हेंबर १९७० मधल्या भोला चक्रीवादळात तिथे तीन ते पाच लाख माणसं गेली असा अंदाज आहे. मे २००८ मध्ये म्यानमारच्या इरावती खोऱ्यात ‘नर्गिस’ने सुमारे १ लाख ३८ हजार लोक मेले किंवा बेपत्ता झाले. दोन्हीकडे मुख्य घात पाण्याने केला.

तिन्ही माऱ्यांची मदत वेगळी असते. वाऱ्याने फक्त छप्पर नेलेल्या घराला ताडपत्री आणि खिळे पुरतात. समुद्राचं पाणी शिरलेल्या गावात भिंत उभी असली तरी विहीर खारी झालेली असते, धान्य भिजलेलं असतं आणि शेताची एक-दोन पिकं तरी हातची गेलेली असतात. सगळ्यांना सारखंच एक किट वाटून मोकळं होता येत नाही ते यामुळे.

पहिले तीन दिवस

ढिगाऱ्यातून, पाण्यातून माणसं बाहेर काढतात ती बहुतेक शेजारीपाजारीच. हे कौतुकापोटी सांगत नाही, ही वेळेची गोष्ट आहे. बाहेरचं पथक विमानात बसेपर्यंत पहिला दिवस सरलेला असतो. बाहेरून येणाऱ्यांचं पहिलं काम रस्ता मोकळा करणं. म्हणून अनुभवी पथकांच्या पहिल्या गाडीत अन्नाच्या आधी झाडं कापायच्या यांत्रिक करवती, दोर आणि इंधन असतं. रस्त्यावर आडवी पडलेली पन्नास झाडं तोडल्याशिवाय मागच्या ट्रकमधला तांदूळ ट्रकमध्येच राहतो.

दुसरं काम कुठे काय झालंय ते कळणं. इथे एक फसगत हमखास होते. ज्या गावातून फोन येतात, व्हिडिओ येतात, ते गाव निदान बोलण्याच्या स्थितीत असतं. जिथून काहीच येत नाही तिथे सगळ्यात वाईट झालेलं असण्याची शक्यता मोठी. मार्च २०१९ मध्ये ‘इदाई’ मोझांबिकच्या बैरा शहराजवळ धडकलं, तेव्हा सुरुवातीचं सगळं लक्ष शहरावर होतं. तेही साहजिकच, विमानतळ तिथेच आहे. पण आत बुझी आणि पुंग्वे नद्यांचं पाणी पसरून जणू एक समुद्रच तयार झाला होता आणि माणसं झाडांवर, छपरांवर बसून दिवस काढत होती. शहराला आतल्या भागाशी जोडणारा महामार्गही तुटला होता. पुराचा खरा आवाका हवाई पाहणी आणि उपग्रहांच्या छायाचित्रांतून कळला. अशा वेळी अवकाशसंस्था आपली छायाचित्रं फुकट देतात. त्यासाठी २००० पासून एक आंतरराष्ट्रीय सनद आहे आणि भारताची इस्रोही तिच्यात सहभागी आहे.

याच दिवसांत आणखी एका गैरसमजाने नुकसान होतं. मृतदेहांमुळे साथ पसरेल म्हणून घाईघाईने सामूहिक दफन उरकलं जातं. जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगते आहे की वादळात बुडून किंवा इजा होऊन गेलेल्यांचे मृतदेह सहसा साथ पसरवत नाहीत. साथ येते ती जिवंत माणसांच्या घाण पाण्यातून. ओळख न पटवता पुरलं की घरच्यांना शोक करायला ठिकाण राहत नाही. मृत्यूचा दाखला मिळत नाही, आणि दाखला नाही म्हणून भरपाई नाही, वारसा नाही. फोटो, अंगावरच्या खुणा, कपडे, सापडल्याची जागा, एवढं लिहून क्रमांक देऊन ठेवलं तरी पुढचे अनेक हेलपाटे वाचतात.

पाणी: सगळ्यात जड मदत

आता मी जरा रेंगाळणार आहे, कारण मदतीतलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हेच.

मदतकार्याचे किमान निकष ठरवणारा ‘स्फिअर’ नावाचा एक उपक्रम १९९७ पासून चालतो. त्यानुसार माणशी रोज किमान १५ लिटर पाणी लागतं: पिणं, रांधणं, धुणं-अंघोळ सगळं धरून. दहा हजारांच्या वस्तीसाठी हिशेब करा. दीड लाख लिटर, म्हणजे दीडशे टन, आणि तेही रोज. दहा हजार लिटरच्या टँकरच्या पंधरा फेऱ्या. बाटलीबंद पाणी पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण या आकड्यापुढे बाटल्यांचा ट्रक म्हणजे सकाळी येऊन दुपारी संपणारी गोष्ट, मागे प्लॅस्टिकचा डोंगर ठेवून जाणारी. पहिल्या एक-दोन दिवसांत, दुसरं काहीच नसताना, बाटल्यांचा उपयोग होतो. पुढे पाणी जागेवरच शुद्ध करावं लागतं.

ते कसं करतात? पुराचं पाणी गढूळ असतं, आणि गढूळ पाण्यात क्लोरीन टाकणं म्हणजे क्लोरीन वाया घालवणं. तो चिखलातल्या सेंद्रिय घाणीशीच लढून संपतो, जंतूंपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी तुरटी. मोठ्या टाकीत तुरटी ढवळली की गाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. वरचं निवळ पाणी दुसऱ्या टाकीत घ्यायचं आणि मग त्यात क्लोरीन.

क्लोरीन किती टाकायचा हे पुस्तकात बघून ठरत नाही, त्या पाण्यालाच विचारावं लागतं. तंत्रज्ञ सारख्या मापाच्या चार बादल्या ओळीने मांडतो. पहिलीत क्लोरीनच्या द्रावणाचं थोडं माप, दुसरीत त्याहून जरा जास्त, असं चढत्या क्रमाने टाकतो. काठीने ढवळून झाकून ठेवतो आणि अर्धा तास थांबतो. नंतर प्रत्येक बादलीतलं थोडं पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात एक गोळी विरघळवतो. पाणी गुलाबी होऊ लागतं. रंग जितका गडद तितका क्लोरीन जास्त शिल्लक. जंतू मारून झाल्यावरही लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, कारण पुढे घरच्या भांड्यात कुणाचा तरी हात बुडणारच आहे. हा उरलेला क्लोरीन त्या हाताच्या बंदोबस्तासाठी असतो. जी बादली या मापात बसते तिचं प्रमाण टाकीला लावायचं. दुसऱ्या दिवशी पाऊस पडून पाणी बदललं की पुन्हा चार बादल्या.

म्हणूनच झाकणाचं, अरुंद तोंडाचं कॅन वाटणं हे वरवर किरकोळ वाटणारं काम टाकी बसवण्याइतकंच मोलाचं आहे. नळाला शुद्ध असलेलं पाणी उघड्या, रुंद भांड्यात घरी पोचेपर्यंत अशुद्ध झालेलं असू शकतं.

खारट पाण्यापुढे ही सगळी करामत थिटी पडते. तुरटी आणि क्लोरीन मीठ काढत नाहीत. समुद्राचं पाणी शिरलेल्या विहिरीचं काय करायचं? पहिला विचार येतो की मोठा पंप लावून उपसून टाकावी. किनाऱ्यालगत तो अंगलट येऊ शकतो. जमिनीखाली गोड पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. जोरात उपसा केला की खालचं खारं वर खेचलं जातं आणि विहीर आणखी बिघडते. म्हणून गाळ हलक्या हाताने काढायचा, उपसा बेताने करायचा आणि पुढचे एक-दोन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत वाट बघायची. तोवर पावसाचं पाणी साठवा, नाहीतर बाहेरून आणा. तळ्यांचीही तीच गत. मे २००९ मध्ये ‘आयला’ने सुंदरबनचे बांध फोडले, तेव्हा खारं पाणी तळ्यांत आणि शेतांत साचलं आणि त्याचा त्रास लोकांनी पुढे बरीच वर्षं काढला.

पाण्याची दुसरी बाजू शौचालयांची. निकष सांगतो की वीस माणसांमागे एक. अगदी सुरुवातीला पन्नासांमागे एक चालवून घेतात. पण संख्येइतकंच महत्त्व आतून लागणाऱ्या कडीला आणि रात्रीच्या उजेडाला आहे. कडी नसेल, वाटेत अंधार असेल, तर बायका आणि मुली रात्री तिकडे फिरकत नाहीत. त्यासाठी संध्याकाळपासून पाणी पिणं टाळतात. छावणीचा आराखडा काढणाऱ्यांच्या खोलीत एकही बाई नसली की ही कडी हमखास राहून जाते.

हे सगळं वेळेत झालं तर काय होतं ते बैराने दाखवलं. ‘इदाई’नंतर दोन आठवड्यांच्या आत कॉलऱ्याची साथ जाहीर झाली. लागलीच सुमारे नऊ लाख तोंडी लसीच्या मात्रा तिथे आल्या. उपचारकेंद्रं उभी राहिली. साडेसहा हजारांहून अधिक लोकांना लागण झाली, मृत्यू आठ. जलसंजीवनी वेळेवर मिळाली तर कॉलऱ्याचा बहुतेक रुग्ण वाचतो. एक लिटर पाण्याच्या त्या पुडीत असतं साडेवीस ग्रॅम मिश्रण: ग्लुकोज, मीठ, पोटॅशियम आणि सायट्रेट. मदतसामानात याहून हलकं आणि याहून जास्त जीव वाचवणारं दुसरं काही असेल असं मला वाटत नाही.

एका ताडपत्रीची गोष्ट

मदतीची ताडपत्री साधारण चार बाय सहा मीटरची असते. म्हणजे चोवीस चौरस मीटर. निकषाप्रमाणे माणशी साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा हवी, म्हणजे पाच जणांना साडेसतरा. कागदावर भागतं. पण ताडपत्री उतरती बांधावी लागते, कडा दुमडाव्या लागतात, तेव्हा बरीचशी जागा त्यातच जाते. म्हणून रेड क्रॉसच्या निवारा किटमध्ये दोन ताडपत्र्या असतात आणि सोबत दोर, हातकरवत, हातोडा, फावडं, कोयता, खिळे आणि बांधायची तार.

ही अवजारंच खरी कामाची. नुसती ताडपत्री दिली की लोक ती चार कोपऱ्यांना बांधतात. वारा खाली शिरतो, कापड फडफडतं आणि काही आठवड्यांत कडेच्या छिद्रांपासून फाटत जातं. कड लाकडी पट्टीवर गुंडाळून ती पट्टी वाशाला ठोकली तर तीच ताडपत्री कितीतरी जास्त टिकते. हे दाखवायला एक सुतार आणि अर्धा तास पुरतो. पण वाटपाचा हिशेब ‘इतक्या हजार ताडपत्र्या’ असा लिहिला जातो. त्या अर्ध्या तासाला कुठल्याच तक्त्यात रकाना नसतो.

ढिगाऱ्याचंही तसंच. बुलडोझर आणून सगळं एका दिवसात उचलून नेलं की फोटोत गाव स्वच्छ दिसतं. पण त्या ढिगाऱ्यातली पत्र्याची पानं, वासे, दारं, विटा ही कुणाची तरी मालमत्ता असते आणि नव्या घराचं निम्मं सामान त्यातच असतं. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी ढिगारा उपसायला गावातल्याच लोकांना रोजंदारीवर लावतात. सामान वाचतं आणि हातात मजुरी येते.

नको असलेली मदत

ऑक्टोबर १९९८ मध्ये ‘मिच’ वादळाने होंडुरासला झोडपलं. त्या वेळची एक हकीकत मदतकार्यातली माणसं आजही सांगतात. तातडीचं सामान घेऊन आलेल्या विमानाला उतरायला जागा मिळेना, कारण विमानतळावर देणगीतून आलेल्या कपड्यांचे गठ्ठे पडलेले होते. कपडे कसले, तर थंडीचे. होंडुरास उष्ण कटिबंधात आहे.

मार्च २०१५ मध्ये ‘पॅम’ वादळानंतर पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू देशाच्या बंदरातही असंच घडलं. न मागता आलेल्या सामानाचे डझनावारी कंटेनर महिनोन्‌महिने पडून राहिले आणि त्यांचं भाडं वाढत गेलं. मदतकर्मी या प्रकाराला ‘आपत्तीनंतरची दुसरी आपत्ती’ म्हणतात. एक गठ्ठा उतरवायला माणसं लागतात, तो उघडून निवडायला माणसं लागतात, ठेवायला गोदाम लागतं, टाकून द्यायलाही गाडी लागते. हे सगळं ज्या कामातून काढून घेतलं जातं ते काम म्हणजे पाणी, औषधं आणि ताडपत्र्या.

पाठवणाऱ्यांना हसण्याचा हेतू नाही. टीव्हीवर उघड्यावर बसलेलं लेकरू बघितल्यावर कपाटाकडे हात जातो, हे माणूसपणच आहे. पण दोन गोष्टी जुन्या स्वेटरपेक्षा घातक ठरतात. एक, औषधं. मुदत संपत आलेली, अनोळखी भाषेतल्या चिठ्ठ्या लावलेली औषधं इतकी येत राहिली की जागतिक आरोग्य संघटनेला १९९६ मध्ये नियम करावे लागले. पोचताना औषधाची निदान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, हा त्यातला एक. दुसरी, बाळांची दूधपावडर. स्वच्छ पाणी नाही, बाटली उकळायला इंधन नाही, अशा जागी ती पावडर बाळाला जुलाबाकडे नेते. शिवाय आईचं अंगावर पाजणं थांबलं की दूध आटतं आणि डबा संपल्यावर बाळाकडे काहीच राहत नाही. ज्या बाळाला आईच नाही त्याला पावडर लागतेच, पण ती आरोग्यसेविकेच्या देखरेखीखाली द्यायची, ट्रकवरून उधळायची नव्हे.

मग लोकांनी द्यायचं काय? बहुतेक वेळा पैसे, आणि तेही तिथे आधीपासून काम करणाऱ्यांकडे.

रोख रक्कम हातात

पैसे दिले तर लोक उधळतील, ही शंका जुनी आहे. पण ज्याचं छप्पर गेलंय त्याला काय हवंय हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं. एकाला पत्रे हवे असतात, दुसरीला औषध, तिसऱ्याला जाळं. वस्तू दिली तर तिघांनाही बादलीच मिळते. मग ज्याला ती नको आहे तो निम्म्या किमतीला विकतो, म्हणजे पैसेच करतो, फक्त तोट्यात. रोख मदतीने आसपासची दुकानंही पुन्हा उभी राहतात.

अट एवढीच की बाजार चालू हवा. दुकानात माल नसेल तर नोटा वाटून फक्त भाव चढतात. म्हणून पहिल्या दिवसांत धान्य आणि सामान, आणि रस्ते-दुकानं सुरू होताच रोख, असा क्रम लावावा लागतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘हैयान’ने फिलिपिन्सची सुमारे ११ लाख घरं मोडली किंवा उद्ध्वस्त केली, तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमाने नवी यादी करत बसण्याऐवजी सरकारच्या चालू कल्याणयोजनेतल्या गरीब कुटुंबांनाच जादा रक्कम दिली. फिजीनेही २०१६ मध्ये ‘विन्स्टन’नंतर असंच केलं. यादी तयार, रक्कम पोचवायची वाट तयार, फक्त आकडा वाढवायचा. कित्येक आठवडे वाचतात.

यादीबाहेरचे मात्र बाहेरच राहतात. भाडेकरू राहतो, कारण घर त्याच्या नावावर नसतं. होडीवर मजुरी करणारा राहतो, कारण होडी मालकाची असते आणि भरपाई मालकाला मिळते. नवऱ्याच्या नावावर सगळं असलेली बाई राहते. ज्यांची कागदपत्रंच वाहून गेली ते राहतात. यावर एक साधा उपाय अनुभवाने ठरलाय: वाटपाच्या आदल्या दिवशी यादी चारचौघांत मोठ्याने वाचायची आणि भिंतीवर लावायची. कोण सुटलंय आणि कुणाचं नाव उगीच घुसलंय हे गर्दी पाच मिनिटांत सांगते. मग वाटपाच्या जागी टोकन, अंगठा किंवा सही, म्हातारे आणि गरोदर बायकांची वेगळी रांग. आणि एका कोपऱ्यात तक्रारीचं टेबल. त्या टेबलाशी बसलेल्याला नुसतं लिहून घ्यायचा नाही, निर्णय घ्यायचाही अधिकार हवा, एवढं मात्र बघावं.

कोण कुणाचं ऐकतं?

मोठ्या वादळानंतर शेकडो संस्था येतात. कुणी सांगणारं नसलं तर रस्त्यालगतच्या गावाला तीनदा बादल्या मिळतात आणि खाडीपलीकडच्या गावाला एकदाही नाही. यासाठी २००५ पासून संयुक्त राष्ट्रांनी कामाची विषयवार वाटणी केली. पाणी-स्वच्छता युनिसेफकडे, आरोग्य जागतिक आरोग्य संघटनेकडे, वाहतूक आणि साठवण जागतिक अन्न कार्यक्रमाकडे, नैसर्गिक आपत्तीतला निवारा रेड क्रॉस महासंघाच्या पुढाकाराखाली. त्या विषयात काम करणाऱ्या सगळ्यांनी एकत्र बसून कोण कुठे जाणार ते ठरवायचं. बैठका कंटाळवाण्या होतात, आणि त्या स्थानिक लोकांना न समजणाऱ्या भाषेत होतात ही रास्त तक्रार आहे.

पण या सगळ्यांच्या वर त्या देशाचं सरकार असतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा १९९१ चा ठरावच सांगतो की मदतीची पहिली जबाबदारी आणि मुख्य भूमिका त्या देशाची. सरकार आडवं आलं तर काय होतं हे ‘नर्गिस’ने दाखवलं. म्यानमारच्या लष्करी राजवटीने परदेशी मदतकर्मींना जवळपास तीन आठवडे नीट प्रवेश दिला नाही. शेवटी संयुक्त राष्ट्रांचे महासचिव बान की मून स्वतः गेले, आग्नेय आशियातल्या ‘आसियान’ गटाच्या देशांनी मध्यस्थी केली, तेव्हा वाट निघाली. त्या आठवड्यांत खोऱ्यातल्या लोकांना मदत केली ती त्या देशातल्याच सामान्य माणसांनी आणि भिक्षूंनी.

वादळाआधीची मदत

भोला वादळानंतर, १९७२ मध्ये, बांगलादेशाने रेड क्रॉसच्या साथीने पूर्वतयारीचा एक कार्यक्रम सुरू केला. आज त्यात ७६ हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत आणि त्यातल्या जवळपास निम्म्या बायका. निशाण फडकवणं, भोंग्यावरून ओरडणं, दारोदार जाऊन म्हाताऱ्यांना उचलणं, असं त्यांचं काम. पक्के निवारे बांधले गेले. एरवी त्यांत शाळा भरतात, त्यामुळे ते ओस पडत नाहीत आणि लोकांच्या पायाखालची वाट राहते. गुरं सोडून लोक घर सोडत नाहीत हे लक्षात आल्यावर गुरांसाठी मातीचे उंच चौथरे उभारले गेले. १९९१ च्या वादळात तिथे सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली होती. २००७ च्या ‘सिडर’मध्ये अधिकृत आकडा साडेतीन हजारांच्या आत राहिला. ओडिशातही १९९९ च्या महावादळात दहा हजारांच्या आसपास लोक गेले. २०१३ मध्ये ‘फायलिन’ आलं तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृत्यू काही डझनांवरच थांबले.

इशारा लोकांच्या भाषेत लागतो, हेही ‘हैयान’ने शिकवलं. टाक्लोबान शहरात इशारा पोचला होता. त्यात ‘स्टॉर्म सर्ज’ (वादळाने आत घुसणारं समुद्राचं पाणी) हा शब्द होता आणि तो अनेकांना कळलाच नाही. पुढे लोक सांगत होते की त्सुनामी येणार असं म्हटलं असतं तर आम्ही पळालो असतो. पाणी पाच-सहा मीटर चढलं. फिलिपिन्समध्ये सहा हजारांहून अधिक माणसं गेली.

कॅमेरे गेल्यानंतर

वादळ कोणत्या महिन्यात आलं यावर पुढचं वर्ष ठरतं. ‘इदाई’ आलं तेव्हा मोझांबिकमधलं मक्याचं पीक कापणीला आलेलं होतं, ते तसंच बुडालं. ‘हैयान’ नोव्हेंबरात आलं आणि भाताची पुढची लावणी डिसेंबर-जानेवारीत होती. बियाणं तेवढ्या मुदतीत पोचलं नसतं तर त्यापुढच्या हंगामाच्या कापणीपर्यंत लोक रांगेत उभे राहिले असते. अन्न व कृषी संघटनेने धावपळ करून ते पोचवलं आणि काही महिन्यांत कापणी झाली. बियाण्याचं एक पोतं वेळेत पोचलं तर पुढची तांदळाची कित्येक पोती पाठवावी लागत नाहीत.

नारळाचं तसं नाही. ‘हैयान’ने तिथली तीन कोटींहून जास्त नारळाची झाडं मोडली किंवा दुखावली. पडलेले बुंधे तसेच सोडले तर कुजतात आणि त्यांत गेंडाभुंगा वाढतो, तो उरलेली झाडंही पोखरतो. म्हणून गावोगाव करवतयंत्रं नेऊन बुंध्यांच्या फळ्या पाडल्या गेल्या आणि त्याच फळ्यांतून घरं उभी राहिली. नवी रोपं लावली, पण नारळ धरायला सहा ते आठ वर्षं जातात. आवाहनांतून जमणारा पैसा बहुतेक वेळा वर्षभरात आटतो. मधल्या वर्षांसाठी त्या बागांत रोपांच्या ओळींमध्ये भाजी, मका आणि कंद लावले गेले.